पुढचं कॅरिअर

घरात सायकल एक आणि तिच्यावर हक्क सांगणारे नऊ, हा आमच्या लहानपणीच्या पुण्यातल्या बऱ्याच वाड्यांचा हिशेब होता. वडील कामावरून आले की सायकल काकांच्या ताब्यात, काका मंडईतून आले की दादाच्या, आणि दादा क्लासहून परतला की दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारणाऱ्या आम्हा चिल्लर मंडळींच्या. एवढ्या सगळ्यांत भांडण मात्र सायकल कोणी न्यायची यावरून फारसं होत नसे. भांडण व्हायचं ते सामान कुठे ठेवायचं यावरून.

कारण मागचं कॅरिअर सामानासाठी नव्हतंच. ते माणसांचं. आजीला वैद्यांकडे न्यायचं, आत्याला स्टेशनवर सोडायचं, पावसात अडकलेल्या ताईला शाळेतून आणायचं, सगळं त्याच्यावर. डबलसीटला पुण्यात मनाई होती. त्यामुळे चौकाच्या अलीकडे मागच्याने उतरायचं, पोलिसासमोरून आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने चालत जायचं आणि वळणापलीकडे पुन्हा बसायचं. आजीसुद्धा हे बिनबोभाट करायची, आणि तिचा चेहरा आमच्यापेक्षा जास्त निरागस दिसायचा. हवालदाराने पकडलंच तर दोन्ही चाकांतली हवा जायची आणि मग माणूस, सामान आणि सायकल अशी तिघांची वरात पायी घरी.

तर सामान पुढे. पुढे म्हणजे हँडलला. डावीकडे भाजीची पिशवी, उजवीकडे रॉकेलचा डबा. पिशवी गुडघ्यावर आपटते, डबा डचमळतो, आणि वळताना पिशवीचा बंद कधी ना कधी स्पोकमध्ये जातो. आमच्या वयाच्या निम्म्या लोकांच्या हनुवटीवर जी एक जुनी खूण असते, तिचं मूळ बहुधा अशाच एखाद्या पिशवीत सापडेल. वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात होते. सकाळी भोंग्याच्या आधी पेठांतून खडकीकडे सायकलींची जी रांग लागायची, तीत ज्याच्या त्याच्या हँडलला जेवणाचा डबा लोंबकळताना दिसायचा. डब्यातली आमटी कारखान्यापर्यंत शाबूत पोचणं ही त्या काळी चालवण्याची परीक्षा मानली जाई. आईचं मत असं, की आमटी सांडते ती चालवणाऱ्यामुळे. वडिलांचं मत, ती डब्याच्या झाकणामुळे. काकांचं मत, पुढे कॅरिअर नाही म्हणून.

काकांचं बरोबर होतं. पण आमची सायकल होती आजोबांची, इंग्लंडात बनलेली हंबर, आणि तिला काहीही लावायचं म्हणजे आजोबांची परवानगी. 12 जुलै 1961 ला पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटली तेव्हा वाड्याच्या तळमजल्यात पाणी शिरलं होतं. चार दिवसांनी चिखलातून जे काही ओढून काढलं त्यात ही सायकल होती. चाकांचे छर्रे गेले, सीटचं चामडं फुगून फुटलं, पण सांगाडा आणि पुढचं चाक धरणारा चिमटा जसाच्या तसा. तेव्हापासून आजोबा तिच्याकडे घरातलं एक वडीलधारं माणूस म्हणून पाहत. अशा सायकलच्या तोंडासमोर लोखंडी चौकट बसवायची, ही कल्पना त्यांना पचायला दोन वर्षं लागली.

पचली ती दुधामुळे. सरकारी दूध केंद्रावरच्या काचेच्या बाटल्या, वर पातळ ॲल्युमिनियमचं बूच, आणि पहाटे कार्ड घेऊन रांगेत आम्ही. एकदा पिशवी हँडलवर हेलकावली, बाटलीवर बाटली आपटली आणि अख्ख्या घराचं दूध शनिवार पेठेच्या रस्त्यावर गेलं. त्या दिवशी सगळ्यांनी कोरा चहा घेतला. आजोबांनीही. दुपारी ते म्हणाले, ‘‘बघा काय ते कॅरिअर. पण दुकानात जाऊन पहिलं दिसेल ते उचलू नका.’’

मग घरात जी चर्चा झाली ती पुढे ताईच्या लग्नाच्या वेळीही झाली नाही. आत्याला बास्केट हवी होती. ती शाळेत शिकवायची, तिच्या मैत्रिणींच्या लेडीज सायकलींना मागच्या चाकावर साडी अडकू नये म्हणून जाळी आणि पुढे वेताची टोपली असे. बास्केट दिसायला छान, वह्यांचा गठ्ठा नीट बसतो, आणि हँडलला दोन पट्ट्यांनी अडकवली की झालं, पाना लागत नाही. तिच्या बाजूने आजी होती, कारण बास्केट उचलून तशीच स्वयंपाकघरात आणता येते.

पण आमच्या सायकलला ब्रेक सळ्यांचे. हँडलच्या मुठींखालून निघालेली सळी समोरच्या बाजूने खाली पुढच्या चाकापर्यंत जाते. हँडलला बास्केट टांगली की तिची पाठ नेमकी त्या सळीला टेकते. बास्केट रिकामी असताना काही नाही. पाच किलो बटाटे भरले की ब्रेक अर्धवट दाबल्यासारखा राहतो, किंवा दाबायला जावं तर दबत नाही. शिवाय दिवा. तो हँडलच्या जरा खाली, बरोबर मध्ये. बास्केटने तो झाकला की उजेड पडणार कोबीवर. बिनदिव्याची सायकल अडवायला पोलीस टपलेलेच असत, आणि दिवा आहे पण कोबीच्या मागे आहे, हे सांगून सुटका झाल्याचं ऐकिवात नव्हतं. मला विचाराल तर हँडलला टांगायची बास्केट ही फुलं, पुस्तकं आणि हलकी मनं वाहून नेण्यासाठी आहे. दळणासाठी नाही.

काकांना पाहिजे होतं ते तिसरंच. चिमट्याला नाही, थेट सायकलच्या सांगाड्याला वेल्डिंग करून घेतलेलं. इंग्लंडात बेकरीवाले आणि खाटीक यांच्या सायकलींना अशी व्यवस्था असते, पुढचं चाक मुद्दाम लहान आणि त्याच्या वर भलीमोठी टोपली, हे त्यांनी कुठल्याशा जुन्या कॅटलॉगात पाहिलं होतं. त्याचं गणित खरंच चोख आहे. वजन सांगाड्यावर, त्यामुळे हँडल हलकं राहतं. हँडल वळवलं तरी ओझं वळत नाही, ते आपलं सरळ पुढे बघत राहतं. नवख्या माणसाला हे भुतासारखं वाटतं, कारण हात वळतात, चाक वळतं आणि डोळ्यासमोरची टोपली मात्र जागची हलत नाही. सवय झाली की उत्तम. पण आजोबांच्या हंबरला वेल्डिंगची ज्योत लावायची? काकांनी वाक्य पुरतं केलंच नाही.

राहिलं मधलं. पेपरवाले आणि पाववाले वापरत ते, चिमट्याबरोबर फिरणारं सपाट कॅरिअर. वर जाडसर तारेची किंवा पट्टीची चौकट, खाली दोन लांब काड्या, त्यांच्या टोकाला भोकं, ती पुढच्या चाकाच्या ॲक्सलवर बसतात. वरून एक पट्टी चिमट्याच्या डोक्याला. ओझं कितीही असो, ते काड्यांतून सरळ ॲक्सलवर उतरतं, हँडलवर लोंबत नाही. ब्रेकची सळी मोकळी, दिवा चौकटीच्या पुढच्या टोकाला नेऊन बसवता येतो. वडिलांनी आणि दादाने याच्यावर बोट ठेवलं.

दुकानात गेल्यावर कळलं की त्यातही दोन जाती. स्वस्तातल्या कॅरिअरच्या काड्या ॲक्सलपर्यंत जातच नव्हत्या, चिमट्याच्या दोन पायांना गोल पट्ट्यांनी आवळायच्या होत्या. इथे हंबर आडवी आली. हंबरची ओळखच तिचा चिमटा: प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन-दोन नळ्या. गोल पट्टी तिच्यावर बसेना. दुकानदाराने हातोडीने पट्टी चपटी करून बघतो म्हटलं तेव्हा आजोबांनी सायकल दुकानाबाहेर काढली. आज वाटतं, त्या दोन नळ्यांनी आमच्यावर उपकार केले. पट्ट्यांवर आवळलेलं कॅरिअर खड्ड्यागणिक मिलिमीटरने खाली सरकतं, आणि एक दिवस मडगार्डवर बसतं. शेजारच्या वाड्यात तसं झालेलं आम्ही पाहिलं होतं.

शेवटी ॲक्सलवरचं घेतलं, निकेल न केलेलं, काळ्या रंगाचं. निकेल दोन पावसाळ्यांत सोलतं आणि मग दिसायलाही वाईट, असं वडिलांचं म्हणणं. बसवताना मिस्त्रीने जी एक गोष्ट दाखवली ती मी पुढे कित्येकांना सांगितली. ॲक्सलच्या टोकावर आधीच मडगार्डच्या काड्या असतात. त्यावर कॅरिअरच्या काड्या आणि वॉशर चढवल्यावर नट धरायला आटे किती उरतात ते मोजायचं. नट पुरा भरून वर थोडे आटे दिसले पाहिजेत. आमच्या ॲक्सलवर ते उरत नव्हते, नट जेमतेम अर्धा बसत होता. मिस्त्रीने मुकाट्याने ॲक्सल बदलून लांब घातला. पुढचं चाक कशाच्या भरवशावर आहे हे फार कमी लोक वाकून बघतात.

त्यानंतर हंबरवरून काय काय गेलं! गिरणीचं दळण, येताना गरम, पिठाचा डबा हात न लावता नाकाला कळे. मंडईतली भाजी, रेशनची साखर, दिवाळीत भट्टीवरून भाजून आणलेल्या पोह्यांची पिशवी, गणपतीचा पाट (मूर्ती नाही, मूर्ती हातातच यायची), इस्त्रीचे कपडे, आजोबांचा रेडिओ दुरुस्तीला जाताना चादरीत गुंडाळलेला. दूध तर रोजच. बाटल्यांसाठी आजीने बुरूड आळीतून एक बसकी टोपली आणली, कॅरिअरच्या मापाची, आणि तळाला जुनं गोणपाट. त्यानंतर बाटली फुटल्याचं कोणाला आठवत नाही. आत्याला तिची बास्केट अशी मागच्या दाराने मिळाली.

चालवायला मात्र वेगळं तंत्र लागे. पुढे ओझं असलं की सायकल वेगात शहाण्यासारखी जाते आणि हळू चालवताना झिंगते. म्हणून टांग मारून निघताना पहिली दोन पायडलं जोराची. वजन चाकाच्या ॲक्सलच्या वर किंवा किंचित मागे हवं, पुढे गेलं की हँडल ओढ घेतं. जड खाली, हलकं वर. दळणाचा डबा आडवा, उभा नाही. घरी आल्यावर स्टँडला लावलं की पुढचं चाक ओझ्याने गर्रकन फिरून सगळं सामान अंगणात ओतायचं, यासाठी दादाने सुतळीचा एक फास केला होता, पुढचं चाक आणि खालची नळी बांधून टाकणारा. पावसात तर उतरूनच चालावं. लोखंडी रिमवर पाणी पडलं की रबराचे ब्रेक नुसते विनंती करतात, आणि पुढे पंधरा किलो असलं तर ती विनंती चाक ऐकत नाही.

1972 मध्ये लुना आली, पुण्यातलीच. मग हळूहळू घरोघरी नंबर लावून मिळालेल्या स्कूटरी. सामान पायांमध्ये ठेवायची सोय झाली आणि पुढचं कॅरिअर कोणाला आठवेना. खडकीची सायकलींची रांगही ओसरत गेली. आज त्या पुण्यातल्या सायकली पाहायच्या तर कर्वेनगरच्या सायकल संग्रहालयात जावं लागतं. मी गेलो की चिमटे बघतो, बाकीचे लोक दिवे बघतात.

हे सगळं परवा पुन्हा निघालं ते दादाच्या मुलामुळे. तो नेदरलँड्समध्ये असतो, मुलं आणि किराणा दोन्ही सायकलवरून नेतो. नवी सायकल घ्यायची, पुढचं कॅरिअर सांगाड्याला जोडलेलं घ्यावं की चिमट्याला, असं त्याने घरच्या गटावर विचारलं आणि फोटो टाकले. सांगाड्यावरचं कॅरिअर पाहून आत्या, वय नव्वदीला टेकलेलं, म्हणाली, ‘‘अरे, हे तर तुझ्या धाकट्या आजोबांचं वेल्डिंग!’’ तिकडे त्या सायकलींना दोन पायांचं रुंद स्टँड असतं आणि हँडल सरळ धरून ठेवणारी एक स्प्रिंग, म्हणजे दादाच्या सुतळीची सख्खी बहीण. काका असते तर आठवडाभर कॉलर ताठ ठेवून फिरले असते.

मी त्याला लिहिलं ते इथेही लिहितो, कारण हल्ली आपल्याकडेही लोक पुन्हा सायकली घेऊ लागलेत आणि पुढे काय लावू असं विचारतात. रोज जड ओझं असेल, पोतं, पेटी, आठवड्याचा किराणा, आणि सायकल मुळात त्यासाठीच बनलेली असेल, तर सांगाड्यावरचं घ्या. साधी सायकल असेल आणि ओझं दहा किलोंच्या आतलं, तर ॲक्सलवर उभं राहणारं, जितकं खाली बसेल तितकं बरं. हँडलला टांगायची बास्केट फक्त हलक्या वस्तूंसाठी, आणि ती लावल्यावर ब्रेक पूर्ण दाबून आणि दिवा लावून बघा. चिमट्याच्या पायांना नुसत्या पट्ट्यांनी आवळलेलं कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. आणि काहीही घेतलंत तरी दुकानातून निघण्याआधी वाकून पुढच्या नटाबाहेर आटे दिसतात का ते स्वतः पाहा.