हातचा

बेरीज करताना क्षणभर मनात धरून ठेवावयाचा जो अंक, त्यास आपण ‘हातचा’ म्हणतो. त्याचे खरे मोल आम्हांस गेल्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हते.

आमचे आजोबा बडोद्यातील एका पेढीवर चाळीस वर्षे मुनीम होते. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आम्ही त्यांच्याच मांडीवर बसून शिकलो. त्या दिवशी ते घरखर्चाची बेरीज करीत होते. “सात नि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक...” इतक्यात दारावर कोणी हाक मारली आणि हातचा निसटला. असे तीनदा झाले. आम्ही हसून म्हणालो, “आजोबा, तुमचा हातचा कुठे सांडला?” त्यांनी काही न बोलता लेखणी खाली ठेवली. नंतर ओशाळून आम्ही त्यांना सतराची सवायकी विचारली. “सव्वाएकवीस,” उत्तर तत्क्षणी आले!

सत्तर वर्षांपूर्वीचा पाढा शाबूत आणि क्षणापूर्वीचा एक मात्र हरवलेला, हे कसे? या कोड्याने आम्हांस ग्रंथालयात नेले.

अशा तात्पुरत्या स्मृतीस ‘कार्यस्मृती’ म्हणतात. तिचा आराखडा 1974 साली ब्रिटनमधील ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी मांडला. ती मेंदूतील एखादी पेटी नव्हे. ते अनेक भागांचे सहकार्य आहे. आकडा मनातल्या मनात घोकण्याचे काम मुख्यतः डाव्या अर्धगोलातील वाचेशी निगडित भाग करतात. वस्तूची जागा ध्यानी धरण्यास डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा पार्श्विक खंड साहाय्य करतो. आणि मन विचलित होऊ न देता या साऱ्यांस कामास जुंपून ठेवतो तो कपाळामागील अग्रखंड. 1971 साली फुस्टर व अलेक्झांडर या संशोधकांनी माकडास खाऊ कोठे ठेवला ते दाखवून मध्ये पडदा टाकला. पडदा असेतोवर त्याच्या अग्रखंडातील काही पेशी सतत जागत्या राहिल्या. त्या जणू हातचा धरून बसल्या होत्या!

पाढ्यांचे तसे नाही. वर्षानुवर्षांच्या उजळणीने ते मेंदूत कायमचे रुजतात. उतारवयात मात्र अग्रखंड आक्रसू लागतो; मध्येच आलेली हाक बाजूला सारणे त्यास जड जाते. आमचा अग्रखंड तरी कोठे पुरता पिकला आहे? तो पंचविशीच्या सुमारास पक्व होतो, असे शास्त्र सांगते. मग आम्ही कोणत्या तोऱ्यात हसलो?

आम्ही आजोबांची क्षमा मागितली. ते एवढेच म्हणाले, “अरे, हातचा एकट्यानेच धरावा, असा नियम थोडाच आहे?”

आता दर महिनाअखेर ते मोठ्याने बेरीज सांगतात आणि आम्ही कागदाच्या कोपऱ्यात हातचा लिहितो. हिशेब अद्याप एकदाही चुकलेला नाही.