सही

१९९६ च्या दसऱ्याला मी मुकादम झालो. मुकादम म्हणजे कुणी बडा माणूस नव्हे. बीडकडचा चार एकर कोरडवाहूचा धनी. पण टोळीत दहावीपर्यंत शिकलेला मी एकटाच, म्हणून कारखान्याच्या करारावर सही माझी. बारा कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या बारा जोड्या. उचल मी आणली अन् वाटली. स्टँपपेपरवर बारीक अक्षरात होतं, ‘मजुरांच्या अपघाताची सर्व जबाबदारी ठेकेदाराची.’ वाचलं मी, पण ठेकेदार म्हणजे आपणच, हे काही डोक्यात शिरलं नाही.

संक्रांतीच्या आधी माझ्या धाकट्या चुलतभावाचा पाय गेला. रात्रीची वेळ, कारखान्याच्या आवारात वजनकाट्यापुढं गाड्यांची रांग. बैल बुजले, तो खाली पडला आणि भरल्या टायरगाडीचं चाक पायावरून गेलं. डॉक्टरनं गुडघ्याखाली पाय काढला.

शेतकी ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, “तो आमचा कामगार नाही. तुमचा माणूस आहे.”

माझा माणूस! कोणत्या फडात कधी कोयता लावायचा, ते कारखान्याचा स्लिपबॉय सांगायचा. काटा कारखान्याचा, दर कारखान्यानं दिलेला, टायरगाडीसुद्धा त्यांचीच. मग मी मालक कशाचा? चार रुपये कमिशनचा.

तालुक्याला वकील गाठला. त्यांनी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचं बारावं कलम काढलं. म्हणाले, “मध्ये ठेकेदार असला तरी काम मूळ मालकाच्या धंद्याचाच भाग असेल, तर भरपाई मूळ मालकाकडं मागता येते. कारखाना म्हणेल, ऊसतोड आमचा धंदा नाही. ते आपण भांडू. अपघात त्यांच्याच आवारात झालाय, ही मोठी गोष्ट. फडात झाला असता तर अवघड होतं. दोन वर्षांच्या आत दावा लावा.”

मला हायसं वाटलं. मग ते चष्मा पुसत म्हणाले, “मात्र दिलेले पैसे कारखाना ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. ठेकेदार कोण आहे?”

मी म्हणालो, “हाय एक जण.”

घरी आलो. भाऊ बाजेवर पडलेला. “दादा, काय म्हणला वकील?”

डोळ्यांपुढं माझे चार एकर उभे राहिले. म्हणालो, “काय होत न्हाई त्यात.”

एक बैल विकून त्याला पैसे दिले. भावजय पाया पडली. ते मला आजही सोसत नाही. दोन वर्षं सरली.

आता गावातली पोरं करार वाचून घ्यायला माझ्याकडं येतात. ती बारीक अक्षरातली ओळ मी आधी मोठ्यानं वाचतो.

भावाला वाचता येत नाही. त्याची नात नववीला आहे. हे तिनं त्याला वाचून दाखवावं.