मिरजेच्या गाडीत बुद्धिबळ

बेळगावहून मिरजेकडे जाणारी गाडी धरली की घटप्रभा, चिकोडी रोड, रायबाग करीत कुडची येते. शेजारच्या बाकावर कन्नड, समोरच्या बाकावर मराठी आणि चहावाल्याशी दोन्ही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. कृष्णेचा पूल ओलांडला, उगार, शेडबाळ मागे पडले की मिरज, आणि मिरजेला लागूनच सांगली.

सांगली म्हटले की हळद, गणपतीचे मंदिर, १९२९ सालचा आयर्विन पूल आणि विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये रंगमंचावर आणलेले ‘सीतास्वयंवर’ आठवते. पण ज्या घरात कोणी बुद्धिबळ खेळते, त्या घराला सांगली आणखी एका कारणाने ठाऊक असते. १९४१ साली येथे नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू झाले. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी या खेळासाठी आयुष्य वेचले आणि उन्हाळ्यातल्या स्पर्धांनी गावाला नाव मिळवून दिले. पाच वेळा महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे यांचे नाव याच गावाशी जोडलेले आहे. हे गाव भाचीला दाखवावे म्हणून आम्ही दोघे निघालो होतो.

भाची आठवीत शिकते. तिचे गाव खानापूर तालुक्यात. गावात बुद्धिबळाचा क्लास नाही, आणि शाळेतला पट दोन प्याद्यांनी उणा आहे. तरी ही मुलगी इटालियन, सिसिलियन, लंडन अशी नावे सहज घेते. तिचे गुरुजी मोबाईलमध्ये आहेत. मुंबईच्या चेसबेस इंडियाचे व्हिडिओ, अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या क्लबमधली व्याख्याने, सरावासाठी फुकट चालणारे लीचेस, एवढ्यावर तिचा अभ्यास चालतो. पूर्वी एखादे चांगले इंग्रजी पुस्तक मिळवायला पुण्या-मुंबईच्या माणसाला गळ घालावी लागे. आज ग्रँडमास्टर स्वतः एकेक खेळी समजावून सांगतो, आणि समजले नाही तर दहा वेळा सांगतो. खेड्यातल्या मुलाला ही केवढी सोय! तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

पण घटप्रभा सोडल्यावर रेंज गेली. व्हिडिओ अडकला. मग भाचीने पिशवीतला छोटा चुंबकाचा पट काढला. समोर रायबागला उतरणारे एक अज्जा बसले होते. त्यांनी विचारले, “आडोणेनु?” खेळायचे का? डाव मांडला गेला.

भाचीची सुरुवात अगदी पाठ केल्यासारखी झाली. राजापुढचे प्यादे दोन घरे, घोडा बाहेर, उंट तिरका रोखलेला. दहा-बारा खेळ्यांत तिने एक प्यादे मारलेही. पुढे मोहरी कमी होत गेली. शेवटी तिच्याकडे राजा, हत्ती आणि प्यादे, अज्जांकडे राजा आणि हत्ती. प्यादे पाचव्या रांगेत पोहोचलेले. आता जिंकणारच, असा तिचा चेहरा. अज्जांनी राजा प्याद्याच्या वाटेत ठेवला आणि हत्ती आपल्या बाजूच्या तिसऱ्या रांगेत आडवा उभा केला. तिच्या राजाला पुढे शिरताच येईना. कंटाळून तिने प्यादे एक घर ढकलले. त्यासरशी अज्जांचा हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि मागून शहामागून शह देऊ लागला. तिच्या राजाला आडोसाच सापडेना. डाव बरोबरीत सुटला.

“तंगी, अवसरा माडब्याड,” अज्जा उतरताना हसून म्हणाले. बाळ, घाई करू नकोस.

अज्जा लहानपणी देशी पद्धतीने खेळलेले. त्या खेळात प्यादे पहिल्याच खेळीला दोन घरे उडी मारत नसे, एकेक घर चाले. त्यामुळे सुरुवात संथ आणि खरी झुंज शेवटी. प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही सगळ्यांत मानाची. अशा खेळात वाढलेल्या माणसाचा हात थोड्या मोहऱ्यांत तयार असतो. आपल्या मुलांचे नेमके उलटे होते. ओपनिंगचे व्हिडिओ चटकदार, दहा खेळ्यांत सापळा दाखवणारे. एंडगेमचे कोरडे वाटतात. क्यूबाचा जगज्जेता कापाब्लांका मात्र एंडगेमचा अभ्यास आधी करा, असे सांगत असे. कारण थोड्या मोहऱ्यांत प्रत्येक मोहऱ्याची ताकद स्वच्छ दिसते.

दुपारी सांगलीत कृष्णेच्या घाटावर बसलो. रेंज आली होती. भाचीने तोच डाव पुन्हा मांडला आणि तसा व्हिडिओ शोधला. अज्जांनी केलेल्या बचावाला नाव निघाले फिलिडोरचे, अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडूचे. हा फिलिडोर संगीतकारही होता. आणखी एक गोष्ट कळली. तिचा डाव घाईने हुकला नव्हता. अज्जा नीट खेळले तर तो बरोबरीचाच होता, तिने कितीही धीर धरला तरी. जिंकायचे तर समोरच्या राजाला आधीच बाजूला अडवून आपला राजा प्याद्याच्या पुढे न्यावा लागतो. मग शह अडवायला हत्ती चौथ्या रांगेत आणायचा. या युक्तीला बुद्धिबळात पूल बांधणे म्हणतात. समोर आयर्विन पूल असल्याने ते नाव तिच्या चांगलेच लक्षात राहिले.

अज्जांनी प्रश्न दिला, व्हिडिओने उत्तर दिले. क्रम हाच हवा, असे मला वाटते. प्रश्न पडण्याआधीच उत्तरे पाहत राहिले तर ती पाठ होतात, पण उमगत नाहीत. २०२४ मध्ये अठराव्या वर्षी जगज्जेता झालेल्या गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णु प्रसन्न यांनी सुरुवातीची काही वर्षे संगणकाच्या इंजिनापासून दूर ठेवले होते. खेळी मुलाने स्वतः शोधावी, हाच त्यामागचा हेतू.

तेव्हा घरी एवढे करता येईल. मुलाने आधी पटावर डाव खेळावा, तो वहीत लिहावा आणि जिथे अडला तिथला व्हिडिओ पाहावा. पाहताना प्रत्येक खेळीआधी व्हिडिओ थांबवून आपली खेळी सांगावी. एकच एंडगेम दोन्ही बाजूंनी खेळावा, एकदा जिंकायला आणि एकदा वाचायला. समोर बसायला घरचे कोणीही चालेल. आजी हत्तीला आने म्हणो, घोड्याला कुदुरे म्हणो की वजिराला मंत्री, चाल बदलत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्पर्धांच्या तारखा पाहून मुलांना एकदा सांगलीला न्यावे. जाताना पिशवीत पट असू द्यावा.