वेलांटीचे सामान

पाळीव प्राण्यांविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्याचा ओढा पुष्कळदा विनोदाकडे राहिला. पु. ल. देशपांडे यांच्या 'पाळीव प्राणी'ने ती वाट अशी मळवून ठेवली आहे की, कुत्रे पाळणाऱ्या माणसाकडे मराठी वाचक अर्धे हसू आधीच ओठांवर ठेवून पाहतो. आम्ही उभयताही त्याच वाचकांपैकी. दोघेही मराठीचे अध्यापक, दोघांची चाळिशी उलटलेली, घराच्या तीन भिंती पुस्तकांनी व्यापलेल्या आणि चौथीवर आईंचे देव. अशा घरात कुत्रे येईल असे आम्हांला कधी वाटले नव्हते. ते आले, जेमतेम दोन महिने राहिले आणि गेले. त्याचे मागे राहिलेले सामान आम्ही चौघांनी एप्रिलमधल्या एका रविवारी आवरले. त्या रविवारविषयी लिहायचे आहे.

दिवाळीच्या सुट्टीत महाविद्यालयाच्या सायकल स्टँडमागे कोणीतरी आणून सोडलेले ते गावठी पिल्लू. मादी. तांबूस अंग, पांढरे पाय आणि पाठीवर वळून आलेली शेपटी. कन्येने तिला उचलून घेतले, शेपटीकडे पाहिले आणि म्हणाली, "ही तर दुसरी वेलांटी!" आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर लाल रेघा मारणाऱ्या घराला याहून योग्य नाव सुचणे शक्य नव्हते. वेलांटी घरी आली आणि 'वेलू' झाली.

प्राणी घरात येतो तेव्हा एकटा येत नाही, हे आम्हांला आठवडाभरात कळले. गळ्यातला पट्टा आला, दोरी आली, चावायला रबरी हाड आले, गोचिडांसाठी बारीक दातांची फणी आली, औषध पाजायची सुई नसलेली सिरिंज आली. शेजाऱ्यांनी त्यांच्या कुत्र्याचा जुना चामडी पट्टा दिला. तो मोठा होऊन घालायचा म्हणून खुंटीला लागला. आईंचा आरंभी या सगळ्याला विरोध होता. सोवळे, देव्हारा, केस, सारे मुद्दे निघाले. पण पहिली थंडी पडली त्या रात्री त्यांनीच ट्रंकेतली गोधडी काढून जिन्याखाली अंथरली. ती त्यांनी स्वतः शिवलेली, वर त्यांचे लुगडे आणि आत बाबांचे धोतर. बाबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. पुढच्याच आठवड्यात त्यांनी वेलूसाठी स्टीलची ताटली घेतली आणि भांड्यांच्या दुकानातच तिच्यावर नाव घालून आणले: 'चि. वेलांटी' आणि खाली तारीख. घरातल्या प्रत्येक भांड्यावर कोणाचे ना कोणाचे नाव असते, मग हिचे का नको, असा त्यांचा सवाल होता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वेलूला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो. या विषाणूवर नेमके औषध नाही. सलाईन लावायचे, उलटी थांबवायची आणि पिल्लाच्या अंगच्या बळावर भिस्त ठेवायची. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. कन्येची पूर्वपरीक्षा तोंडावर होती. "हा रोगच असा असतो," एवढे आम्ही तिला सांगितले. ते खोटे नव्हते. पुरेही नव्हते. सामान दोन खोक्यांत भरून जिन्याखाली सरकवले आणि वरून एक चादर टाकली.

बोर्डाची परीक्षा संपली आणि कन्येने नव्या पिल्लाचा विषय काढला. आम्ही पशुवैद्यांकडे गेलो. त्यांचे उत्तर स्पष्ट होते. पार्व्होचा विषाणू घरात, विशेषतः सावलीच्या, दमट जागी महिनोन्महिने टिकतो. ताटली, अंथरूण, फरशी, जिन्याखालचा कोपरा, सारे नीट स्वच्छ झाल्याशिवाय दुसरे पिल्लू आणणे म्हणजे त्याला जाणूनबुजून त्या रोगापुढे उभे करणे. आणायचेच तर लसीकरण पूर्ण झालेले, थोडे मोठे कुत्रे आणा, असाही सल्ला त्यांनी दिला. म्हणजे आता हे सामान आवरण्याला पर्याय नव्हता. तीन महिने आम्ही ज्या चादरीकडे पाहण्याचे टाळत होतो ती उचलावी लागणार होती.

रविवारी सकाळी दोन्ही खोकी गच्चीवर नेली. कन्येने वही घेतली, वर 'वेलांटीचे सामान' असे लिहून खाली तीन रकाने पाडले: ठेवायचे, धुवायचे, टाकायचे. मग अडचण भाषेची निघाली. 'पट्टा' आणि 'फणी' लिहून झाले. पण 'हार्नेस'ला काय म्हणायचे? 'लीश' आणि साखळी एक नव्हे. 'च्यू टॉय'ला आमच्यापैकी एकाने 'चावणे' सुचवले, दुसऱ्याने 'चघळणी'. कन्येने दोन्हींकडे दयेने पाहिले आणि 'च्यू टॉय' असेच लिहिले.

आई कठड्याला टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बैलाच्या एकेका वस्तूला नाव असतं. म्होरकी, वेसण, कासरा, दावं, घुंगरमाळ, झूल, शिंगातल्या शेंब्या. कुत्र्याला आपण दिलं काय होतं कधी, की नाव असेल?" त्या शेतकऱ्याच्या घरातल्या. आमच्या भागात पोळ्याऐवजी आषाढात बेंदूर होतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी, म्हणजे वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचे. दुसऱ्या दिवशी बैल ओढ्यावर धुवायचे, शिंगांना हिंगूळ लावायचा, जुनी वेसण बदलायची, झूल झटकून घालायची. "बैलांचं सामान सगळं घर मिळून काढायचं. पोरं घुंगरं घासायची, बाया झुली शिवायच्या, बापय दोर वळायचे. कोणती वेसण झिजली, कोणतं दावं काचतं, ते त्याच दिवशी कळायचं."

आम्ही दोघे वर्गात ग्रामीण साहित्य शिकवतो. हे शब्द टिपांत देतो, परीक्षेत त्यांचे अर्थ विचारतो. पण ते शब्द त्या भाषेत का टिकले याचे इतके साधे उत्तर आम्ही कधी दिले नव्हते. जी वस्तू वर्षातून एकदा का होईना हातात घेऊन पाहिली जाते, तिचे नाव राहते. आपल्या परंपरेत कुत्रे कमी नाही. दत्ताच्या पायाशी ते आहे, खंडोबाबरोबर आहे, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांच्या कथेत आहे. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराबरोबर अखेरपर्यंत चालणारेही तेच. पण या सगळ्या ठिकाणी ते मोकळे आहे. त्याला ताटली नाही, अंथरूण नाही, लसीचे पुस्तक तर नाहीच. त्याला घराच्या आत घेतले की त्याची जबाबदारीही वस्तूंच्या रूपाने आत येते, आणि या वस्तूंसाठी आपली भाषा अजून पुरती तयार झालेली नाही.

असो. काम सुरू झाले. फिनेल टाकले की स्वच्छता झाली अशी आमच्या घराची श्रद्धा. ती पशुवैद्यांनी मोडली होती. फिनेलने वास जातो, हा विषाणू जात नाही. साबणानेही तो मरत नाही. मात्र साबणाने आधी मळ काढावाच लागतो, कारण मळ असेल तर पुढचे औषध त्या मळावरच खर्ची पडते. पुढचे औषध म्हणजे साधे ब्लीच: १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी. १० लिटरच्या बादलीला साधारण ३०० ते ३५० मिलिलिटर. त्यात वस्तू किमान १० मिनिटे ओली राहिली पाहिजे. नुसती बुडवून काढली तर उपयोग नाही. मग भरपूर पाण्याने धुवायची आणि उन्हात टाकायची. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे अॅसिड चुकूनही मिसळायचे नाही, कारण त्यातून विषारी वायू निघतो. कन्येने मोबाइलवर १० मिनिटांचा गजर लावला. स्टीलची ताटली आणि फणी 'ठेवायचे'च्या रकान्यात गेली. प्लास्टिकचे पाण्याचे भांडे दातांच्या ओरखड्यांनी भरलेले. ओरखड्यांत काय राहील सांगता येत नाही म्हणून ते 'टाकायचे'त गेले. चामडे सच्छिद्र, ते ब्लीचने धड शुद्धही होत नाही आणि धड राहतही नाही. शेजाऱ्यांनी दिलेला तो पट्टा वेलूने एकदाही न घालता गेला.

गोधडीपाशी सगळे थांबले. ती टाकावी हे सुज्ञपणाचे, हे चौघांनाही कळत होते. पण बोलायचे कोणी? शेवटी आईच उठल्या. "ब्लीचनं काय होईल? रंग जाईल. जाऊ दे," म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतः ती बादलीत दाबली. गजर झाला, पुन्हा लावला, पुन्हा झाला. बाहेर निघाली तेव्हा लुगड्याचा हिरवा रंग पिवळट पांढरा झाला होता आणि टाके मात्र सगळे जागच्या जागी होते. आत धोतर पांढरेच होते. त्याला काही झाले नाही.

दुसऱ्या खोक्याच्या तळाशी लसीकरणाचे पुस्तक होते. कन्येनेच ते काढले. कोणत्या रकान्यात लिहायचे म्हणून उघडले आणि वाचत राहिली. पहिल्या डोसापुढे तारीख, शिक्का, सही. दुसऱ्या डोसापुढे पेन्सिलीने लिहिलेली तारीख: २० डिसेंबर. त्यापुढे काही नाही.

"हा डोस दिला नव्हता?"

ही ती गोष्ट. डिसेंबरच्या त्या पंधरवड्यात आम्ही दोघेही विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. सकाळी जायचे, रात्री यायचे. वीस तारीख आली आणि गेली. "नव्या वर्षातल्या पहिल्या रविवारी नेऊ," असे एकाने म्हटले, दुसऱ्याने मान डोलावली. पहिला रविवार यायच्या आत वेलू आजारी पडली. पशुवैद्यांनी आमची समजूत घातली होती. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस पुरती लागू पडत नाही, ती ओसरते केव्हा हे पिल्लागणिक वेगळे असते, म्हणून तर सोळा आठवड्यांचे होईपर्यंत डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. दुसरा डोस वेळेवर पडला असता तरी ती वाचलीच असती असे कोणी सांगू शकत नाही. हे शास्त्र खरे आहे. पण त्यातला 'कदाचित' आमच्या वाट्याचा आहे आणि तो आम्ही तीन महिने त्या चादरीखाली झाकून ठेवला होता.

हे सगळे आम्ही तिला तिथेच, ओल्या फरशीवर बसून सांगितले. एकाने सुरुवात केली, दुसऱ्याने पुरे केले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला तेव्हाच का सांगितलं नाही?"

"तुझी परीक्षा होती."

"तुमचीही होती की. पेपरांची." थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "मला वाटत होतं माझ्यामुळे झालं. मी तिला गेटबाहेर मातीत खेळायला न्यायचे."

तिचे मन सांभाळतो आहोत अशा समजुतीने आम्ही आमची चूक लपवली आणि त्या रिकाम्या जागी मुलीने स्वतःची चूक आणून ठेवली. बोर्डाची परीक्षा तिने त्या ओझ्यासकट दिली. दहावीच्या कुमारभारतीत द. भा. धामणस्कर यांची 'वस्तू' ही कविता होती. निर्जीव वस्तूंशी माणसाने कसे वागावे, हा तिचा विषय. त्याच वर्षी आम्ही तिला ती घरी बसवून शिकवली होती, रसग्रहणासकट. जिन्याखालच्या खोक्यांपासून सहा फुटांवर बसून.

कोणी कोणाला क्षमा केली असे काही झाले नाही. आईंनी चहा आणला. कन्येने उठून पुस्तक 'ठेवायचे'मध्ये लिहिले. मग ताटली घेतली आणि जुन्या टूथब्रशने तिच्यावरची कोरलेली अक्षरे घासू लागली, कारण मळ तिथेच अडकतो. 'चि.' या अक्षराकडे आमच्यापैकी दोघांचेही लक्ष गेले. कोणी बोलले नाही.

"नवीन कुत्र्याला याच ताटलीत जेवायला द्यायचं?" तिने आजीला विचारले. "नाव दुसरीचं आहे."

आई म्हणाल्या, "तू ज्या वाटीत आमटी खातेस तिच्यावर माझ्या सासूबाईंचं नाव आहे. तू पाहिलं होतंस त्यांना?"

आषाढ लागल्यावर, बेंदराच्या दोन दिवस आधी, एक वर्षाची, लसीकरण पूर्ण झालेली काळी कुत्री घरी आली. तिची शेपटी सरळ आहे, त्यामुळे नावाचा वाद अजून मिटलेला नाही. 'काना' असे एक मत आहे. ती 'चि. वेलांटी'च्या ताटलीत जेवते आणि रंग उडालेल्या गोधडीवर झोपते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचे सामान आम्ही चौघे गच्चीवर काढतो. तिच्या पुढच्या लसीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कन्येने लाल शाईने लिहिली आहे आणि खाली आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या आहेत.