रॉबिन आणि खारूताई

डेव्हन ॲव्हेन्यूला गेलं की येताना आमची गाडी मागे जरा बसतेच. तांदळाची पोती, साबुदाणा, ज्वारीचं पीठ, लोणची! पटेल ब्रदर्सनी १९७४ साली याच रस्त्यावर पहिलं दुकान टाकलं. तेव्हापासून शिकागोकडच्या कितीतरी घरांची बेगमी इथूनच होते.

गेल्या ऑक्टोबरात आई बरोबर होती. भारतात परतायच्या आधीची तिची ही शेवटची फेरी. खरेदी आटोपून जवळच्याच वॉरन पार्कमध्ये जरा टेकलो. हिरवळीवर तांबूस छातीचे रॉबिन गांडुळं ओढत होते.

"हा आपला दयाळ का रे?" आईने विचारलं.

"नाही, हा कस्तुराच्या कुळातला. इंग्लंडहून आलेल्या लोकांनी तांबडी छाती बघितली आणि गावाकडच्या पक्ष्याचं नाव याला देऊन टाकलं."

"म्हणजे तेही आपल्यासारखेच!" आई हसली.

घरी आलो तर परसात चिपमंक. पाठीवरच्या पट्ट्यांमुळे आई त्याला पहिल्या दिवसापासून खारूताईच म्हणते. दोन्ही गालांत बिया कोंबून स्वारी बिळात शिरली.

वजनाला दोघेही शंभर ग्रॅमच्या आसपास, पण हिवाळ्याचा हिशेब अगदी वेगळा. जमीन गोठली की गांडुळं मिळत नाहीत, म्हणून बरेचसे रॉबिन दक्षिणेकडे जातात. चिपमंक जागा सोडत नाही. तो अंगावर फारशी चरबी साठवत नाही, बिळातलं कोठार भरतो. हिवाळाभर झोपतो खरा, पण दर थोड्या दिवसांनी उठून खातो आणि पुन्हा झोपतो.

"मी रॉबिन, तू खारूताई," डिकीतली पोती तळघरात नेताना आई म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पण आता पंख थकले रे. पुढच्या वर्षी नाही यायची मी."

मला काही बोलता आलं नाही.

जानेवारीत बर्फ पडत असताना परसातल्या क्रॅबॲपलवर एक रॉबिन दिसला. झाडावर फळं असली तर काही रॉबिन हिवाळ्यातही इथेच राहतात. लगेच आईला फोन करून सांगितलं.

"बरं," ती म्हणाली, "आणि खारूताई? ती बिळातच?"

"हो. पण मधूनमधून उठते."

त्याच संध्याकाळी मार्चची तिकिटं काढली.