स्पॅनिश शिकायला आधी इंग्रजी कशाला?

२०२५ मध्ये तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते आठवत असेलच. एप्रिलचा शासन निर्णय, जूनचा शासन निर्णय, मोर्चाची घोषणा आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द. कोणती भाषा आणि कितवीपासून, यावर आपण घसा बसेपर्यंत बोललो. पण नवी भाषा पोरांना कोणत्या भाषेतून समजावून सांगायची, हे मला तरी कुठल्या चर्चेत ऐकू आलं नाही. मला हा प्रश्न छळतो, कारण गेली दोन वर्षं मी पुण्यात संध्याकाळच्या वर्गात स्पॅनिश शिकतेय.

वर्ग कुठला ते सोडा. बाई मनापासून शिकवतात. फक्त पुस्तकातलं स्पष्टीकरण इंग्रजीत, फळ्यावरचं इंग्रजीत, शंका विचारायची तीही इंग्रजीत.

दुसऱ्या आठवड्यात 'मे गुस्ता एल काफे' आलं. इंग्रजीत 'आय लाइक कॉफी'. इंग्रजीत कर्ता मी, स्पॅनिशमध्ये कॉफी, मग वाक्य उलटं का होतं, क्रियापद कॉफीप्रमाणे का चालतं, यावर अर्धा तास गेला. शेजारी बीडकडचा एक मुलगा बसायचा. मराठी माध्यमातून शिकलेला, डिप्लोमा झालेला. स्पॅनिश येणाऱ्याला कंपनीत चार पैसे जास्त मिळतात म्हणून आलेला. मी त्याला हळूच म्हटलं, "अरे, मला कॉफी आवडते. मे म्हणजे मला. आंबे आले की मे गुस्तान, म्हणजे आवडतात." तो म्हणाला, "मग इतका वेळ काय चाललं होतं, ताई?"

तिसऱ्या महिन्यात तो यायचा बंद झाला. पूर्ण फी भरून. फोन केला तर म्हणाला, "स्पॅनिश जमत होतं हो, इंग्रजी झेपेना."

तेव्हापासून मी वहीत उजव्या बाजूला फक्त मराठी लिहायला लागले, आणि काय काय सापडलं म्हणून सांगू! स्पॅनिशमध्ये 'घर बघतो' म्हणताना नुसतं 'वेओ ला कासा', पण माणूस आला की मध्ये 'आ' लागतो: 'वेओ आ मारिया'. इंग्रजी पुस्तकात यावर वेगळा धडा आहे. मराठीत? मी घर बघते, मी मारियाला बघते. वस्तूला 'ला' नाही, माणसाला आहे. संपला धडा. 'ईबा' आणि 'फुई' या दोन भूतकाळांत इंग्रजीवाले गोते खातात. आपल्याकडे 'जायचो' आणि 'गेलो' आहेच. ज्या सब्जंक्टिव्हचा एवढा बाऊ केला जातो, त्यातलं 'किएरो के वेंगास' म्हणजे 'तू यावंस असं मला वाटतं'. आपल्या शाळेतला विध्यर्थच की! (पूर्ण जुळत नाही, पण दार उघडतं.) उच्चारांचंही तसंच. स्पॅनिश 'त' आणि 'द' आपल्यासारखे दातांवरचे. इंग्रजी 'टी'ची सवय लागलेल्यांना ते मुद्दाम घोटावे लागतात.

'से मे कायो एल बासो' तर मला फारच आवडतं. माझ्या हातून पेला पडला. मी पाडला नाही, पडला. जबाबदारी अलगद बाजूला ठेवायची ही सोय दोन्ही भाषांत आहे. 'चुका झाल्या' म्हणणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांना माद्रिदमध्ये काही अडचण येऊ नये.

शब्दांचं म्हणाल तर पोर्तुगीजांच्या कृपेने आपण अर्धे शेजारीच आहोत. पाव म्हणजे स्पॅनिशमध्ये पान, चावी म्हणजे यावे, आणि 'पागार' म्हणजे पैसे देणे. त्यातच आपला पगार! अरबीकडून दोघांकडे पोचलेलेही आहेत. आपला फलाणा तिकडे 'फुलानो' आहे, अगदी त्याच अर्थाने.

वाक्प्रचारांत मात्र जपून. 'त्याच्या जिभेवर केस नाहीत' म्हणजे तो स्पष्ट बोलतो, आणि हे बरेचदा कौतुकाने म्हणतात. आपल्याकडे जिभेला हाड नसणं ही तक्रार असते. 'केस धरणं', तोमार एल पेलो, म्हणजे फिरकी घेणं. आणि उडणाऱ्या शंभर पक्ष्यांपेक्षा हातातला एक बरा, असं ते म्हणतात तेव्हा आपली आजी म्हणतेय असंच वाटतं: हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकता येतील अशा परदेशी भाषांत कोरियन, जपानी, जर्मन यांच्याबरोबर स्पॅनिशचंही नाव आहे. त्याच धोरणात किमान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असंही म्हटलंय. या दोन गोष्टी एकत्र कोण आणणार? स्पॅनिश ही वीस देशांची अधिकृत भाषा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीला ती शिकायची असेल, तर आधी इंग्रजीच्या टोलनाक्यावर का थांबवायचं? इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. ती वेगळी शिकवा, चांगली शिकवा. पण जे व्याकरण तिच्या तोंडात आधीच आहे, ते परक्या भाषेत उलटं करून तिला परत विकू नका. विद्यापीठांच्या परकीय भाषा विभागांनी मनावर घेतलं तर एका वर्षात मराठीतून पहिल्या पातळीचं पुस्तक होईल. त्याला ना मोर्चा लागतो, ना समिती.

माझी वही आता साठेक पानांची झालीये. 'पोर' आणि 'पारा' अजून घोळ घालतात, कारण आपलं एकटं 'साठी' दोन्हीकडे धावतं. 'तुझ्यासाठी आणलंय' तिथे पारा, 'तुझ्याखातर केलं' तिथे पोर, इथवर आलेय. बीडच्या त्या मुलाला पहिली तीस पानं व्हॉट्सॲपवर पाठवली. चार दिवसांनी उत्तर आलं: "बाकी समजलं ताई, पण सेर आणि एस्तार दोन्हीला तुम्ही 'आहे'च लिहिलंय." आता ते पान नव्याने लिहितेय. 'एस आबुर्रिदो', तो कंटाळवाणा आहे. 'एस्ता आबुर्रिदो', तो कंटाळलाय.