पाहुण्याची पाटी

निपाणी-बेळगावकडच्या माणसाला पाट्यांविषयी मत असावंच लागतं. माझं मत असं होतं, की पाटी कानडीत असो नाहीतर मराठीत, गोळीचा गुण त्यानं बदलत नाही. माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून दाखला गोळीचा. कर्नाटकात राहायचं तर कानडी शिकावी, पोरांना इंग्रजी शिकवावी आणि आपापल्या उद्योगाला लागावं. मी तसंच केलं. चिकोडी-हुक्केरीकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी कानडीत बोलतो, गोळी जेवणाआधी की नंतर ते पाकिटावर कानडीत लिहून देतो. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही, आजही वाटत नाही.

वडील मात्र महाराष्ट्र एकीकरण समितीचे. बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात जाणार म्हटल्यावर १९५६ च्या जानेवारीत जे आंदोलन पेटलं, त्यात आमच्या निपाणीच्या कमळाबाई मोहिते हुतात्मा झाल्या. त्या दिवसांच्या गोष्टी वडिलांच्या तोंडून ऐकतच मी वाढलो. १७ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि १ नोव्हेंबरचा काळा दिन त्यांनी पाय चालत होते तोवर चुकवला नाही. सरकारी कागद मराठीत मिळावेत, पाट्यांवर मराठी असावी, यासाठी निवेदनं देणाऱ्यांत ते पुढं. माझा त्यांच्याशी वाद व्हायचा आणि त्या वादात माझा ठेवणीतला दाखला चीनचा असायचा. एवढा अफाट देश, एक भाषा, एक लिपी, कुणी पाटीसाठी मोर्चा काढत नाही, म्हणून ते पुढं गेले आणि आपण सीमाप्रश्नात अडकून पडलो. वडील त्यावर फारसं बोलत नसत. "तू जाऊन बघितलंस काय?" एवढंच विचारायचे.

ते गेल्यावर काही वर्षांनी मी खरंच गेलो. पत्नीला घेऊन, निव्वळ हिंडायला. बीजिंग, शिआन आणि शांघाय. शिआन ते शांघाय हा टप्पा आम्ही विमानानं केला. तिथल्या वेगवान रेल्वेला या अंतराला सहा-सात तास लागतात, विमान दोन-सव्वादोन तासांत पोचवतं. भाषा येत नसताना देशांतर्गत विमानाच्या फंदात पडू नका, असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. मुलीनं तिकिटं काढून दिली आणि आम्ही दोघंच निघालो.

शिआनला ह्युएनत्संगाचा मनोरा आहे. भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला सातव्या शतकात, ६५२ साली तो बांधला गेला. हा भिक्षू आपल्याकडं आला तेव्हा इथं दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं. पुलकेशी बदामीचा चालुक्य, कन्नडिगांच्या अभिमानाचा राजा. आणि ह्युएनत्संगानं त्याच्या प्रदेशाचं वर्णन केलं ते महाराष्ट्र म्हणून. लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं तो लिहून गेला. मनोऱ्याखाली उभं राहून हे सगळं मी पत्नीला सांगत होतो. बदामी आणि महाराष्ट्र एकाच राजाखाली नांदले होते, हे आमच्याकडच्या सभांमधून दोन्ही बाजूंनी सांगायला हवं असं मला फार वाटतं.

शिआनच्या विमानतळावर दारातच पिशव्या तपासतात, मात्र आपल्यासारखं तिकीट दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत असं नाही. यंत्रावर स्वतःच बोर्डिंग पास काढायची सोय होती, पण ती तिथल्या ओळखपत्रावर चालणारी. आमचा पासपोर्ट यंत्रानं घेतला नाही. काउंटरवर गेलो. तिकडं विमानाचं तिकीट काय, रेल्वेचं तिकीट काय, सगळं ओळखपत्राच्या नंबराशी बांधलेलं असतं आणि परदेशी माणसाचं ओळखपत्र म्हणजे पासपोर्ट. काउंटरवरच्या मुलीनं पत्नीचा पासपोर्ट पुढ्यात उघडा ठेवला आणि पडद्यावरच्या नावातल्या एकेका अक्षराखाली बोट धरून ते जुळवलं. आपल्याकडच्या पासपोर्टात बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नावही असतं. तिकिटावर आडनाव, मग तिरकी रेघ, मग ती दोन्ही नावं मधे जागा न सोडता सलग छापलेली. त्या मुलीला तो अक्षरांचा आगगाडीसारखा लांब डबा कळेना, पण तिनं शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवणी केली, मान डोलावली आणि पास हातात दिला. पासवर विमानाचा नंबर, वेळ, गेट, आसन, सगळं चिनीबरोबर इंग्रजीतही.

सुरक्षा तपासणी आपल्यापेक्षा कडक. काडेपेटी आणि लायटर ना हातातल्या पिशवीत चालत, ना खाली टाकायच्या सामानात. तंबाखूच्या गावचा माणूस म्हणून मला ते लक्षात राहिलं. पाण्याची बाटली रिकामी करावी लागते. छत्री आणि पॉवर बँक बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायची. एका बुटक्या चौथऱ्यावर हात पसरून उभं राहायचं. पुढून तपासतात, मग पाठ फिरवायला सांगून मागून. आमची पॉवर बँक तिथं अडली. २८ जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत त्यांचं ३सी हे प्रमाणचिन्ह छापलेलं नसेल ती पॉवर बँक नेता येत नाही आणि निपाणीत घेतलेल्या वस्तूवर ते कुठून असणार! तपासणी करणाऱ्या बाईनं ती उलटसुलट करून पाहिली, मग आपल्या फोनमध्ये काहीतरी बोलली आणि पडदा माझ्याकडं फिरवला. त्यावर इंग्रजीत नियम आला होता: अमुक चिन्ह नाही म्हणून नेता येणार नाही, ठेवून जावी लागेल. वस्तू गेली, पण का गेली ते मला माझ्यापाशी उभं राहून, मला वाचता येईल अशा लिपीत सांगितलं गेलं.

पलीकडं गेल्यावर उकळत्या पाण्याचे नळ. प्रत्येकजण आपापला थर्मास भरून घेत होता. पत्नीनं घरून आणलेली चहाची पुडी काढली. ती निवांत होती. मी नव्हतो.

इथून पुढं जे झालं त्यावर मी अजून विचार करतो आहे. गेटसमोर बसलो होतो. चिनी भाषेत लांबलचक घोषणा झाली आणि आजूबाजूचे लोक उठले. पिशव्या उचलून सगळे एका दिशेनं चालू लागले. इंग्रजी घोषणा त्या कोलाहलात मला नीट ऐकूच आली नाही. गेटवरच्या पडद्यावर चिनी अक्षरं सरकत होती. मी आयुष्यभर चिठ्ठ्या वाचून पोट भरलेला माणूस, डॉक्टरांचं कसलंही अक्षर लावणारा, आणि समोर लिहिलेलं मला लागत नव्हतं. हातापायातली शक्ती गेल्यासारखं झालं. कुणाला विचारावं तर कोणत्या भाषेत, आणि उत्तर आलं तर ते कळायचं कसं? त्या दोन-तीन मिनिटांत मी पत्नीवर विनाकारण खेकसलो. अडाणी माणूस चिडका का होतो, ते मला तिथं कळलं. मग पडदा बदलला, त्यावर इंग्रजी ओळ आली, आमच्या विमानाचा नंबर आणि नवा गेट दिसला. आम्ही धावतपळत गेलो. वेळेत पोचलो. विमानात घोषणा पुन्हा दोन भाषांत.

आसनावर बसल्यावर मला दुकानात येणारी एक म्हातारी आठवली. औषधाच्या पैशाबरोबर ती काउंटरवर घडी घातलेला कागद ठेवते. "अण्णा, ह्यात काय लिवलंय बघा की जरा." कधी पेन्शनचा कागद असतो, कधी शेताच्या उताऱ्याचा, कधी नोटीस. सगळं कानडीत. ती शाळेत गेलेली आहे, मराठी चौथीपर्यंत. पंचांग वाचते, पोथी वाचते. म्हणजे ती निरक्षर नाही. तिच्या हातात येणारा कागद तिच्यापुरता बंद असतो. मी वाचून दाखवतो, ती ऐकते, आणि मी सांगितलं तेच त्यात लिहिलंय यावर तिला विश्वास ठेवावा लागतो. वर ती माझे उपकार मानते. इतकी वर्षं मला वाटायचं, मी मदत करतोय, झालं की काम. त्या कागदावर खाली चार ओळी मराठीत असत्या तर तिला माझ्याकडं यायची गरजच नव्हती, हा विचार मला त्या गेटवर उभं राहीपर्यंत शिवला नव्हता.

परतीच्या प्रवासात पाकिटात उरलेल्या चिनी नोटा पाहत होतो. नोटेच्या मागच्या बाजूला बँकेचं नाव मंगोल, तिबेटी, उइगुर आणि झुआंग या भाषांतही छापलेलं असतं. एक भाषा, एक लिपी हा माझा दाखला त्यांच्या नोटेवरच टिकत नव्हता. पण नोटेवरून हुरळून जायचं कारण नाही हेही मला ठाऊक आहे. २०२० साली अंतर्गत मंगोलियातल्या शाळांत काही विषय मंगोलऐवजी चिनीत शिकवायचं ठरलं, तेव्हा तिथल्या आईबापांनी मुलांना शाळेत पाठवायचं थांबवलं होतं. भाषेसाठी तिथं कुणी रस्त्यावर येत नाही, असं मी वडिलांना ठासून सांगत असे. म्हणजे चीननंही पाहुण्याला इंग्रजी पाटी लावली, अन् घरच्या माणसाला मात्र आपल्या भाषेसाठी भांडायला लावलं. मी त्या देशात चार दिवसांचा पाहुणा, माझं तिथं ना शेत, ना मत, ना कर. तरी मी हरवू नये म्हणून पासवर, पडद्यावर, फोनवर माझ्यासाठी ओळ होती. ती म्हातारी ज्या गावात जन्मली, जिथं तिनं विड्या वळून पोरं वाढवली, तिथं तिच्यासाठी ती ओळ नाही. हे मला आता सहन होत नाही.

आणि ती मागणी काही जगावेगळी नाही. ज्या तालुक्यात किंवा गावात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के वा जास्त आहेत, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशभर ठरलेलं धोरण आहे. १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीनं प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची तरतूद झाली आणि अल्पसंख्याक भाषकांसाठी आयुक्त नेमायची सोयही झाली. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो कधी निकाली निघेल ते निघेल. कागद मराठीत द्यायला त्या निकालाची वाट बघायची गरज नाही. निपाणी कुठल्याही राज्यात असली तरी म्हातारीला तिचा कागद वाचता आला पाहिजे.

वडिलांचं आणि माझं एका बाबतीत आजही जुळलं नसतं. कानडी शिकण्याला त्यांच्या पिढीतल्या काहींचा विरोध होता, माझा नाही. दुकानावरच्या पाटीत ६० टक्के जागा कन्नडला द्यायचा कायदा कर्नाटकानं २०२४ मध्ये केला. उरलेल्या जागेत मराठी मावते, माझ्या पाटीवर ती आहे. माझा राग कानडीवर नाही. कानडी भाषेनं मला पोट दिलं आहे. आणि मराठीसाठी जे मागायचं तेच जत आणि अक्कलकोटच्या कन्नड माणसासाठी महाराष्ट्राकडं मागावं लागेल, हे आमच्या सभेत मी बोललो तेव्हा काही जण नाराज झाले. एका जुन्या कार्यकर्त्यानं "पहिलं आपलं बघू" म्हणून मला खाली बसवलं. मी बसलो, पण म्हणणं सोडलेलं नाही. अक्कलकोटच्या एखाद्या दुकानात कन्नड म्हातारी मराठी नोटीस घेऊन कुणाला तरी "हे वाचून दाखवा" म्हणत असेल, तर तिचंही तितकंच खरं आहे.

या खेपेला निवेदनावर मी सही केली. वडील होते तोवर त्यांनी पुढं केलेल्या कागदावर मी कधी केली नव्हती. निवेदनाची कानडी प्रत मीच लिहून दिली, कारण ती वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ती त्याच्या भाषेत मिळायला हवी होती. उतारे, नोटिसा आणि पेन्शनचे कागद असे तीनच प्रकार आम्ही त्यात मागितले आहेत. बाकीची यादी कार्यकर्त्यांना वाढवायची होती; मी म्हटलं, आधी हे तीन मिळू द्यात.